घरातल्या घरात : पाचशे रुपयांत तिच्यासाठी एक संध्याकाळ

यंदा फेब्रुवारीच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत 14 तारखेबद्दलची, म्हणजे व्हॅलेंटाइन डेबद्दलची पत्रं खूप होती, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच होतं : हॉटेल परवडत नाही, घरात एकांत नाही. बदलापूरच्या वाचकांच्या पत्राला सविस्तर उत्तर देते आहे. त्यात इतर अनेकांची उत्तरं येतील.

प्रश्न : ताई, आमचं वन रूम किचनचं घर आहे. घरात आई, मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मी तुर्भ्याला कंपनीत आहे. 14 तारखेला माझी पहिली पाळी आहे, म्हणजे पाचपर्यंत घरी पोहोचेन. बायको ठाण्याला औषधांच्या दुकानात काम करते, तिला यायला आठ वाजतात. येत्या मे महिन्यात लग्नाला नऊ वर्षं होतील, पण तिला घेऊन निवांत कुठे बसलोय असं कधी झालं नाही. घराचा हप्ता वाढल्यामुळे यंदा पाचशेच्या वर खर्च जमणार नाही. घरीच काहीतरी करावं असं मनात आहे, पण आई समोर, मुलगी समोर. कसं जमवू? स्वयंपाक मला बऱ्यापैकी येतो. ती रोज सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, म्हणून तिला काहीतरी वेगळं वाटावं एवढीच इच्छा आहे.
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळा बेत तिथेच आहे. त्या रात्री तिने सगळ्यांच्या मागून जेवायचं नाही, गरम जेवायचं आणि जेवताना एकदाही उठायचं नाही. फुलं, दिवे, गोडधोड हे सगळं त्याच्याभोवती रचा.

हे इतकं ठासून सांगते, कारण डोंबिवलीत मी बरीच वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं आणि 14 फेब्रुवारीच्या संध्याकाळी कोण काय नेतं ते जवळून पाहिलं. बायका लोकलमधून उतरून धावतपळत यायच्या, पोळ्या घ्यायच्या आणि घरी जाऊन आणखी दोन पदार्थ करायच्या, कारण ‘आज घरीच साजरं करायचं ठरलंय.’ म्हणजे सण दोघांचा आणि राबणं एकटीचं. एक रिक्षावाले दादा मात्र दरवर्षी त्या दिवशी स्वतः येऊन चौघांचं जेवण बांधून न्यायचे आणि सांगायचे, ‘आज आमच्याकडे ओट्याला सुट्टी.’ पुढे त्यांच्या बायकोची ओळख झाली. त्या जेवणात भाजी कोणती होती हे तिला आठवत नव्हतं. जेवणानंतरची भांडी त्यांनी घासली होती, हे मात्र तिने आपण होऊन सांगितलं. तेव्हा भांडी त्याच रात्री, तुमच्या हाताने. सकाळी ती उठेल तेव्हा मोरी रिकामी दिसली पाहिजे.

आता आईंचं. त्यांच्यापासून लपवू नका. एका खोलीच्या घरात लपवालपवी केली की आईला आपण अडचण झालोय असं वाटतं आणि बायको अवघडते. चार दिवस आधी, बायको घरी नसताना, सरळ सांगा : ‘आई, 14 तारखेला मी आणि ती थोडा वेळ गच्चीवर जेवायला बसणार आहोत. स्वयंपाक मी करतोय. तू आणि छोटी साडेसातला जेवून घ्या, मग तिला गोष्ट सांगून झोपवशील का?’ आईला काम सोपवलं की ती बेतात सामील होते. ‘आमच्या वेळी असलं नव्हतं’ असं एखादं वाक्य येईल, ते येऊ द्या. आणि एक करा, जे ताट बायकोसाठी तेच आईंसाठी. वेगळा पदार्थ फक्त दोघांनी खायचा, हे आपल्या घरांत बोचतं. कामावरून येताना मुलीला रंगीत कागद आणि डिंकाची बाटली आणून द्या आणि तिच्या आईसाठी कार्ड करायला बसवा. ती तासभर रमेल आणि रात्री आपण होऊन ते कार्ड आईच्या हातात देईल.

जागा म्हणून मी गच्ची धरली आहे. चावी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे किंवा वॉचमनकडे असते. आदल्या दिवशीच परवानगी घ्या आणि साडेदहाला चावी परत देतो असं सांगून ठेवा. फेब्रुवारीत बदलापूरला रात्री मुंबईपेक्षा गारवा जास्त असतो, म्हणून सतरंजीबरोबर एक चादरही वर न्या. वाऱ्यात उघडी पणती टिकत नाही. जॅमच्या रिकाम्या बरण्या असतील तर त्यांच्या तळाशी बोटभर वाळू घालून आत जाड बुटकी मेणबत्ती ठेवा. गच्ची मिळालीच नाही तर स्वयंपाकघर. ट्यूब बंद करायची, पिवळसर उजेडाचा छोटा बल्ब कोपऱ्यात खाली ठेवायचा आणि ओट्याला पाठ करून जमिनीवर बसायचं. पांढरा झगझगीत उजेड असेल तर त्या खोलीत कामंच दिसत राहतात. पडदे किंवा ओढणी जवळ असेल तिथे मेणबत्ती अजिबात नको.

लाल गुलाबाचा नाद सोडा, असं मी तुम्हाला मनापासून सांगेन. मावळातल्या, तळेगावच्या बाजूच्या पॉलिहाउसमधला ‘टॉप सीक्रेट’ जातीचा लाल गुलाब या पंधरवड्यात परदेशी जातो, दिल्ली-मुंबईला जातो. त्या शेतकऱ्यांनी या एका आठवड्यासाठी डिसेंबरपासून झाडांची तयारी केलेली असते. त्यांना चांगला भाव मिळतो याचा मला आनंदच आहे, पण 14 तारखेला स्टेशनबाहेर तुमच्या हातात येणारं एक फूल तुमच्या बेतातले पन्नास-साठ रुपये खाऊन टाकतं आणि रात्रीपर्यंत मान टाकतं. त्याच पैशात गुलछडीच्या पाच दांड्या येतात. त्यांचा वास संध्याकाळी वाढतो, बरणीत पाणी बदलत राहिलात तर वरच्या कळ्या पुढे चार दिवस उमलत राहतात. कामावरून येताना आणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. गजऱ्यासाठी मोगरा मागू नका, त्याचा हंगाम अजून सुरू झालेला नसतो. कागड्याचा किंवा शेवंतीचा गजरा घ्या. तो ती आल्याबरोबर द्या, जेवणाच्या वेळेपर्यंत राखून ठेवू नका.

जेवण असं ठेवा की पाच ते आठ या वेळात तुमच्या एकट्याने होईल, गच्चीवर नेता येईल आणि गरम राहील. फेब्रुवारीचा बाजार याला फार अनुकूल आहे. मटार स्वस्त, टोमॅटो स्वस्त, हरभऱ्याचे डहाळे आलेले, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी भरात. म्हणून माझा बेत असा : सोलाणे, मटारभात, टोमॅटोचं सार आणि स्ट्रॉबेरी घातलेला गोड चक्का.

चक्क्याची तयारी आदल्या रात्री. अर्धा किलो घट्ट दही मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगा, सकाळी साधारण पाव किलो चक्का मिळेल. कामावर निघण्याआधी तो डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. आल्यावर चार-पाच चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून फेटा. स्ट्रॉबेरी मात्र अगदी वाढताना चिरून घाला, आधी घातली तर पाणी सुटून सगळं पातळ होतं. बारीक आकाराच्या स्ट्रॉबेरीचा खोका निम्म्या भावात मिळतो आणि चिरायचीच असल्यामुळे आकाराने काही बिघडत नाही.

सारासाठी अर्धा किलो लाल टोमॅटो उकडून, मिक्सरमधून काढून गाळून घ्या. तूप-जिरं, कढीपत्ता, एक मिरची, मीठ, सुपारीएवढा गूळ. उकळी आली की गॅस बारीक करून अर्ध्या नारळाचं दूध घाला आणि मग खळखळून उकळू नका, फाटतं. हे सार थर्मासमध्ये भरून वर न्यायचं आणि पेल्यातून प्यायचं. मटारभाताला दीड वाटी तांदूळ, तेवढेच मटारचे दाणे, दुप्पट गरम पाणी. खडा मसाला थोडाच, नाहीतर मटारचा गोडवा मरतो. आई आणि मुलीचं जेवण झालं की त्यांच्यामागे दोघांचा भात जाड बुडाच्या पातेल्यात झाकून, वर जाड टॉवेल गुंडाळून ठेवा. तासभर वाफ टिकते.

आणि सोलाणे. डहाळ्याची एक जुडी आणायची, घाटे तोडायचे आणि साल न काढता तव्यावर मीठ शिंपडून काळे डाग पडेपर्यंत भाजायचे. ताटलीत तसेच न्यायचे. वर बसल्यावर दोघांनी सोलत खायचे. बोटं काळी होतात, म्हणून ओला रुमाल जवळ ठेवा. हा पदार्थ मी मुद्दाम घातला आहे. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला समोर बसवून ‘बोल काहीतरी’ म्हटलं की शब्द सुचत नाहीत. हाताला सोलायचं काम असलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

हिशोब करून पाहिला. आमच्या बाजारातले गेल्या हंगामातले भाव धरले तर गुलछडी 50, गजरा 30, डहाळे 30, मटार किलोभर 60, टोमॅटो 20, नारळ 45, दही 60, स्ट्रॉबेरी 80. झाले 375. तांदूळ, तूप, साखर घरातलं. उरलेल्या सव्वाशेत मुलीचे कागद-डिंक, मेणबत्त्या आणि आईंना जे आवडतं ते थोडंसं आणा.

मोबाइल आईंजवळ ठेवून जा. घरात काही लागलं तर त्या जिन्यातून हाक मारतील. फोटो काढायचा असेल तर बसल्याबसल्या एक काढा आणि मग फोन खाली जाऊ द्या. घराचा हप्ता, शाळेची फी, आईंच्या गोळ्या हे विषय त्या दीड तासात काढायचे नाहीत, असं जिना चढतानाच दोघांनी ठरवा. दुसऱ्या दिवशी ते विषय आहेतच.

तिच्यासाठी एक पान हाताने लिहून ठेवा. ‘तू माझं जग आहेस’ असलं नको. या वर्षात तिने केलेल्या, तुम्ही पाहिलेल्या आणि तिला कधी न सांगितलेल्या तीन गोष्टी लिहा. मुलगी तापाने फणफणली तेव्हा रात्रभर बसून ती सकाळची लोकल पकडून कामावर गेली असेल, असं काहीतरी. तारीख-वाराने आठवत असेल तर तसंच लिहा. शेवटी एक उखाणा घाला. लग्नात घेतला होता तो नको, नवा. जमत नसेल तर हा घ्या : ‘मृगामागे व्याध, चंद्राजवळ रोहिणी, …चं नाव घेतो, माझी सखी साजणी.’

हा उखाणा उगाच नाही दिला. पावणेनऊच्या सुमारास मान वर करून दक्षिणेकडे पाहिलंत, तर मृग नक्षत्र अगदी उंच आलेलं असेल. एका ओळीत तीन तारे, तो बाण. ती ओळ डावीकडे खाली वाढवत नेली की लखलखीत व्याध. सगळ्या रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, शहराच्या उजेडातही दिसतो. तीच ओळ उलट्या दिशेला नेली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. व्याध आपल्यापासून सुमारे 8.6 प्रकाशवर्षांवर आहे. तुमचं लग्न मे महिन्यातलं, म्हणजे त्या रात्री तुमच्या डोळ्यांत पोहोचणारा व्याधाचा उजेड तिथून निघाला तेव्हा तुमच्या संसाराचा पहिला पावसाळा सुरू होता. हे तिला सांगा, आणि त्या पावसाळ्यातलं तिला काय आठवतं ते विचारा. मग तुम्ही ऐका.

प्रश्न : माझं वय 57. यजमान एसटीत चालक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. सणावाराला ते कायम ड्यूटीवर. आता घरी आहेत तर मलाही वाटतं, 14 तारखेला दोघांनी काहीतरी करावं. पण ते म्हणतात, ‘हे आपलं नाही, आणि पोरं हसतील.’ मुलगा-सून आमच्याजवळच राहतात.
— एक भगिनी, वाई

उत्तर : ताई, तुमची इच्छा अगदी रास्त आहे आणि तिला वयाचं बंधन मी मानत नाही. नवरा-बायकोचा म्हणून एक दिवस आपल्याकडे पूर्वीपासून आहेच, दिवाळीचा पाडवा. पण एवढ्या वर्षांत किती पाडव्यांना यजमान दुसऱ्या गावच्या डेपोत होते, ते तुम्हालाच ठाऊक. ते राहिलेले पाडवे आता भरून घ्यायचे आहेत एवढंच त्यांना सांगा. चौदा तारीख म्हणू नका, वाद कशाला?

पोरांना सांगायची गरज नाही. सकाळची वेळ धरा. सून उठायच्या आधी, साडेसहाला, अंगणात किंवा मागच्या दारी दोन खुर्च्या टाका. चहा त्यांना करायला सांगा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्टँडवरचा चहा प्यायला, त्याच्या हातचा चहा तुम्ही बसून प्यायचा. आमच्या लग्नानंतर सासरच्या दोन खोल्यांत आठ माणसं होती. आम्हा दोघांना बोलायला मिळायचं ते पहाटे आरेच्या केंद्रावर दूध आणायला जाताना. त्या रस्त्यावर आम्ही घर घ्यायचं ठरवलं, मुलाचं नाव ठरवलं. सकाळच्या त्या वेळेवर माझा फार विश्वास आहे.

आणि वाईच्या आहात म्हणून आणखी एक सुचवते. चहा झाला की पसरणी घाटातून पाचगणीला जाणारी एसटी पकडा. तुम्हाला अर्धं तिकीट आहेच. तुमचे यजमान आयुष्यभर गाडीत सगळ्यांत पुढे, रस्त्यावर डोळे ठेवून बसले. त्या दिवशी त्यांना तुमच्याशेजारी बसवा, खिडकी तुमची. प्रत्येक वळणाची काही ना काही हकिकत त्यांच्याकडे असेल. पाचगणीत पावशेर स्ट्रॉबेरी घ्या, टेबललँडवर बसून खा आणि जेवायला घरी या. पोरांनी विचारलंच तर ‘फिरून आलो’ म्हणा.

प्रश्न : मी नाशिकला शिकते, माझा होणारा नवरा जर्मनीत एमएस करतोय. रोजचा व्हिडिओ कॉल म्हणजे ‘जेवलास का, झोपलीस का’ एवढाच झालाय. माझ्याकडे दोनशे रुपये आहेत. लांबून काही करता येईल?
— एक मैत्रीण, नाशिक

उत्तर : येईल की! दोघांनी एकाच वेळी शिरा करा. थट्टा नाही, खरंच सांगते. शिऱ्याला लागणारा रवा तिथल्या कुठल्याही दुकानात ‘ग्रीस’ या नावाने मिळतो. दूध, लोणी, साखर, केळं हे तर असतंच. लोणी कढवून त्याचं तूप कसं करायचं ते त्याला तू पलीकडून सांग. फेब्रुवारीत त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे तुझे रात्रीचे साडेआठ ते त्याचे दुपारचे चार. तुझं जेवणानंतरचं गोड आणि त्याचं चहाबरोबरचं खाणं अशी वेळ छान जुळते.

फोन दोघांनी ओट्यावर टेकवून ठेवायचा, कॅमेरा चेहऱ्यावर नको, कढईवर आणि हातांवर. रवा, साखर, तूप सारख्या मापाने, दूध-पाणी मिळून अडीच-तीन पट, गरम करून घालायचं. रवा मंद आचेवर भाजायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ दोघांनाही तिथून हलता येत नाही. तुमच्या कॉलला नेमकं हेच हवं आहे. तुमच्या दोघांच्या घरी शिरा कसा करतात, कोणाच्या घरी केळं घालतात, कोणाकडे वेलदोडा, हे बोला. लग्न ठरलेलं असून एकमेकांच्या घरच्या किती गोष्टी ठाऊक नसतात! रवा, साखर, दूध, केळी मिळून तुझे शंभर-सव्वाशे खर्च होतील. उरलेल्यात एक चांगली वही घे. तो पुढच्या वेळी येईपर्यंत त्याला सांगायच्या राहिलेल्या गोष्टी त्यात लिहीत जा आणि आल्यावर वही त्याच्या हातात ठेव.

प्रश्न : ओव्हन नाही, अंडं चालत नाही. नवऱ्यासाठी छोटा केक घरी करता येईल का? कुकरमध्ये केला तर चालेल?
— एक वाचक, परभणी

उत्तर : कुकर नको. पाण्याशिवाय तापवून कुकर खराब होतो. जाड बुडाचं जुनं पातेलं किंवा कढई घ्या, तळाशी वाटीभर जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा आणि झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. केकसाठी एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी तेल किंवा पातळ तूप. मिसळून वीस मिनिटं झाकून ठेवा. रवा फुगला की पीठ घट्ट होईल, तेव्हा दोन-तीन चमचे दूध आणखी घाला. मग सपाट एक चमचा बेकिंग पावडर आणि वेलदोड्याची पूड घालून हलक्या हाताने ढवळा, तूप लावलेल्या डब्यात ओता आणि झाकण घट्ट ठेवून मंद आचेवर चाळीस मिनिटं ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात झाकण उघडू नका. सुरी घालून पाहा, कोरडी आली की झाला. डब्यातून काढण्याआधी पुरता निवू द्या, नाहीतर मोडतो. परभणीकडे या दिवसांत संत्री चांगली मिळतात, दुधातलं निम्मं माप कमी करून त्याजागी संत्र्याचा रस घातलात तर वेलदोडा वगळा. हा केक सकाळी करून ठेवलात तर संध्याकाळपर्यंत मुरून जास्त छान लागतो.